नऊ एकर काळ्या वावराला कोणता ट्रॅक्टर, आणि तो टिकवायचा कसा?

दारव्हा तालुक्यातल्या एका कास्तकार भावानं विचारलं आहे: नऊ एकर काळी, भारी जमीन. पाच एकर कपाशी, चार एकरांत सोयाबीन-तूर, आणि विहिरीच्या पाण्यावर सोयाबीन निघाल्यावर हरभरा. बैलजोडी विकून टाकली. शोरूमवाला ५० एचपीच्या पुढचा ट्रॅक्टर आणि सहा फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं अवजार) घ्या म्हणतो, पुतण्या २४ एचपीचा मिनी सांगतो, आणि गावातच एक जुना ४२ एचपीचा विकायला आहे. यातला कोणता घ्यावा? पऱ्हाटीची (वेचणी झाल्यावर उरलेल्या कपाशीच्या झाडांची) कुट्टी करायला श्रेडर आणि धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गवतासाठी ब्रश कटर घ्यावा का? आणि घेतल्यावर देखभालीत नेमकं काय सांभाळावं?

भाऊ, मी आर्वीकडे ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप चालवतो आणि हंगामात भाड्यानं कामंही करतो. वर्कशॉपमध्ये येणारे अर्धे ट्रॅक्टर कामानं झिजलेले नसतात, चुकीच्या निवडीनं आणि धुळीनं खराब झालेले असतात. म्हणून उत्तर जरा लांबेल.

तुमच्या प्रश्नात तीन ट्रॅक्टर आहेत, पण एक आकडा नाही. वर्षात तो चालणार किती तास? कागद-पेन घ्या. भारी जमिनीत दोन फाळी पलटी नांगर एकरी साधारण दोन तास घेतो, म्हणजे नऊ एकराला अठरा तास. दोनदा पंजी (कल्टिव्हेटर) मारली तर पंधराएक तास. रोटाव्हेटरचे दहा-बारा, पेरणीचे सात-आठ, हरभऱ्याच्या तयारीचे आणि पेरणीचे आठ-दहा, आणि ट्रॉलीची ने-आण धरून बेरीज नव्वद-शंभर तासांच्या पुढे जात नाही. कृषी अभियांत्रिकीच्या हिशोबात ट्रॅक्टरचं आयुष्य १० वर्षं किंवा १०,००० तास धरतात. म्हणजे वर्षाला हजार तास. तुमच्याकडे त्याच्या दहावा हिस्साच काम आहे.

आता आठ लाखांचा ट्रॅक्टर धरा. दहा वर्षांनी त्याचे ऐंशी हजार आले असं समजलं तरी वर्षाला ७२,००० रुपये घसारा. सरासरी अडकलेल्या रकमेवर १० टक्क्यांनी व्याज धरलं तर आणखी ४४,०००. झाले १,१६,०००. याला ९० तासांनी भागलं तर तासाला जवळपास १,३०० रुपये पडतात, आणि यात डिझेल, ऑइल, ड्रायव्हर, विमा काहीच नाही. हाच ट्रॅक्टर ५०० तास चालला तर हाच खर्च तासाला २३० वर येतो. तुमच्या गावात नांगरणीचा आणि रोटाव्हेटरचा भाव काय चाललाय ते तुम्हाला माहीत आहे. तो या आकड्याशेजारी लिहून पाहा. शोरूमवाला हप्ता सांगतो, तास सांगत नाही.

पण फक्त या हिशोबावर कोणी ट्रॅक्टर घेऊ नये असंही मी म्हणणार नाही, कारण शेतीत सगळे तास सारख्या किमतीचे नसतात. एप्रिल-मे महिन्यात नांगर आज लागला काय आणि चार दिवसांनी लागला काय, पिकाला फरक पडत नाही. भाड्याचे ट्रॅक्टर त्या दिवसांत काम शोधत फिरतात. जून उजाडला की चित्र बदलतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका असं कृषी विद्यापीठ सांगतं आणि ते बरोबरच आहे. पण तेवढा पाऊस सगळ्या गावात एकाच वेळी पडतो आणि वाफसाही, म्हणजे पेरणीजोगी ओलही, सगळ्यांच्या वावरात एकाच वेळी येतो. काळ्या जमिनीचा वाफसा म्हणजे मोजके दिवस. आधी गेलात तर चाकाला चिखल, नंतर गेलात तर ढेकूळ. त्या चार दिवसांत भाड्याचा ट्रॅक्टर ज्याच्याकडे आधी पोचला त्याचं साधलं. पुढे डवरणीचं, म्हणजे ओळींमधलं तण काढायच्या कामाचं, आणि फवारणीचं तसंच. दोन सरींमधली उघाड सापडली आणि डवरा नाही मिळाला, की तण कपाशीच्या वर जातं आणि मग निंदणाच्या मजुरीत तो पैसा जातो.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. उन्हाळ्यातलं जड काम भाड्यानं करा, पावसाळ्यातलं घाईचं काम घरच्या यंत्रानं करा. नांगर, खोल मशागत, श्रेडर, हार्वेस्टर, हडंबा (मळणी यंत्र) ही सगळी भाड्याची कामं. पेरणी, डवरणी, वखरणी, फवारणी ही घरची. आणि ही चारही कामं मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा लहान ट्रॅक्टर चांगली करतो. उभ्या कपाशीत ५० एचपीचा ट्रॅक्टर घालताच येत नाही. तुमची बैलजोडी गेली ती नेमकी याच कामांची होती, नांगराची नव्हे.

त्यामुळे तिघांपैकी पुतण्याचं म्हणणं मला पटतं, पण दोन अटींवर. पहिली अट अंतराची. मिनी ट्रॅक्टरची रुंदी साधारण तीन ते साडेतीन फूट असते. कपाशी चार फुटी ओळीत असेल तर तो फांद्या न मोडता महिना-दीड महिना फिरतो. तीन फुटी लागवडीत तो गेला तर जाताना फांदी मोडतो आणि येताना मूळ उघडं पाडतो. सोयाबीन दीड फुटी ओळीतच राहील, तिथे पट्टा पद्धतीनं ठराविक ओळींनंतर एक ओळ रिकामी सोडा, म्हणजे डवरणीला आणि फवारणीला चाकाची वाट राहते. ट्रॅक्टर घ्यायला जाताना टेप घेऊन जा. चाकाच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत स्वतः मोजा, चाकं आत-बाहेर करून कमीत कमी आणि जास्तीत जास्त रुंदी किती होते ते बघा, आणि पुढच्या एक्सलखालची मोकळी जागा मोजा. माहितीपत्रकातला आकडा आणि तुम्हाला मिळणाऱ्या टायरवरचा आकडा वेगळा निघू शकतो.

दुसरी अट तासांची. मिनी घेतला तरी नऊ एकरांत त्याचेही शंभर-सव्वाशे तासच भरतात. शेजारच्या दहा-पंधरा एकरांची डवरणी आणि फवारणी तुम्ही धरणार असाल, आणि ती करायला घरात माणूस असेल, तरच तो परवडतो. तेवढं जमणार नसेल तर यंदा मिनीही घेऊ नका. पॉवर वीडर (हातानं धरून चालवायचं तण काढायचं यंत्र) घ्या, पेरणीसाठी गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला मे महिन्यातच सांगून ठेवा, आणि एक हंगाम काढून बघा. हेही मी मनापासून सांगतो. कर्जाच्या हप्त्यापायी वावर गहाण पडलेली घरं मी पाहिली आहेत, आणि तो ट्रॅक्टर अंगणात उभा होता.

मिनीत फक्त मागच्या दोन चाकांना जोर असलेला आणि चारही चाकांना जोर असलेला, असे दोन प्रकार मिळतात. काळ्या जमिनीसाठी चारही चाकांचाच घ्या. जास्तीचे पैसे पहिल्याच ओल्या जूनमध्ये कळतात. आणि मिनीकडून काय होणार नाही तेही समजून घ्या. तीन वर्षांतून एकदा करायची खोल नांगरट त्याच्यानं होत नाही. चार ओळींचं बीबीएफ यंत्र (रुंद वाफा आणि कडेला सरी पाडून पेरणारं) त्याला ओढवत नाही, त्याला ३५-४५ एचपी लागते. बीबीएफवर सोयाबीन घ्यायचं असेल, आणि पाणी साचणाऱ्या तुमच्या जमिनीत ते घ्यावंच, तर ती पेरणी भाड्याची.

फवारणीवर जरा थांबतो. २०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. डोक्याएवढी कपाशी, पाठीवर पंप, आणि उडालेलं औषध सरळ तोंडावर. ट्रॅक्टरच्या मागे टाकी आणि एचटीपी (जास्त दाबाचा) पंप लावून बूमनं, म्हणजे नोझल लावलेल्या आडव्या दांडीनं, फवारणी केली की फवारा चालकाच्या मागे राहतो. मिनी कपाशीत फिरतो तोवर तरी हा त्याचा मोठा फायदा आहे. तरी वारा बघून वाऱ्याच्या उलट जायचं नाही, मास्क आणि हातमोजे लावायचे, आणि नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही. पंपाचा दाब उगाच वाढवू नका. दाब वाढला की थेंब बारीक होतात, वाऱ्यावर जातात, आणि अळीऐवजी माणसाला लागतात.

आता त्या ५० एचपीच्या पुढच्या ट्रॅक्टरबद्दल. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरना धुराचे नवे नियम लागू झाले, ट्रेम स्टेज ४. त्यामुळे त्या वर्गात इंजेक्शन इलेक्ट्रॉनिक झालं, धुरासाठी वेगळी यंत्रणा आली, किंमत वाढली. इंजिन वाईट नाही, पण बिघाड शोधायला स्कॅनर लागतो आणि तो तुमच्या गावच्या मेकॅनिककडे नाही. पन्नासच्या आतल्या बहुतेक ट्रॅक्टरना जुन्या पद्धतीचा पंप आणि नोझल असते, त्याचं काम तालुक्याला होतं. नऊ एकराला पन्नासच्या वर जायचं कारणच नाही.

आणि एचपी म्हणजे कोणता एचपी हेही विचारा. जाहिरातीत इंजिनचा आकडा असतो, रोटाव्हेटर-हडंबा चालतो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर. पीटीओला साधारण ८५ ते ९० टक्के पोचते. मध्य प्रदेशातल्या बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओची ताकद, डिझेल किती खातो, लिफ्ट किती वजन उचलते, हे मोजून लिहिलेलं असतं. विक्रेत्याकडे त्या मॉडेलचा अहवाल मागा. दोन मॉडेलांत अडकला असाल तर डिझेलचा रकाना बघा, रंग नंतर. कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण ज्याचे फिल्टर, क्लच प्लेट आणि ऑइल सील दारव्ह्यात किंवा दिग्रसमध्ये त्याच दिवशी मिळतात, ती कंपनी तुमच्यासाठी चांगली. दुकानात जाऊन हे तीन भाग नाव घेऊन मागून बघा.

रोटाव्हेटरचा मोह आवरा. तो मातीचा रवा करतो, दिसायला वावर सुंदर दिसतं, पण त्या पिठासारख्या मातीवर पेरणीनंतर जोराची सर आली की वर पापडी धरते आणि सोयाबीनचा कोंब ती फोडू शकत नाही. दरवर्षी त्याच चार-पाच इंचांवर पाती फिरली की खाली तळ कडक होतो, पाणी मुरत नाही, आणि कपाशीचं सोटमूळ आडवं वळतं. पऱ्हाटीची धसकटं आणि हरभऱ्यासाठीची घाई, एवढ्यापुरता रोटाव्हेटर ठीक. घ्यायचाच असेल तर माप ट्रॅक्टरवरून ठरवा: पाच फुटी, ३६ पात्यांचा, याला ४०-४५ एचपी लागते, सहा फुटी, ४२ पात्यांचा, याला भारी जमिनीत ५० च्या जवळ. मिनीला तीन-साडेतीन फुटीच. ओल्या मातीत तो कधीच घालू नका, त्यानं होणारं ढेकूळ उन्हात विटेसारखं होतं.

गावातला ४२ एचपीचा जुना. तीन भावांनी किंवा गटानं मिळून घ्यायचा असेल, सगळ्यांचं मिळून पंचवीस-तीस एकर होत असेल, तर हा पर्याय चांगला आहे. पण बघायला सकाळी जा आणि मालकाला आधी सांगा की ट्रॅक्टर सुरू करून ठेवू नका. बोनेटवर हात ठेवा. गरम लागला तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिन किती सेल्फमध्ये उठतं तीच खरी परीक्षा. सुरू करण्याआधी ऑइलची दांडी काढा. ऑइल काळं असेल तर घाबरू नका, डिझेल इंजिनचं ऑइल काळं होतंच. ते दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये जातंय, हेड गॅस्केट किंवा लायनरची रबरी रिंग गेली. तो ट्रॅक्टर तिथेच सोडा.

मग एअर क्लीनरकडून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप सोडवायला सांगा. त्याच्या आतून, इंजिनच्या बाजूनं, बोट फिरवा. स्वच्छ बोट आलं तर मालकानं ट्रॅक्टर सांभाळलाय. बोटाला बारीक पिवळट-काळी भुकटी लागली तर ती धूळ रोज सिलिंडरमध्ये गेली आहे, पिस्टन-लायनर झिजलेले असणार, वरून कितीही रंग मारलेला असो. ही एक तपासणी मीटरपेक्षा खरी आहे. तासांचा मीटर बदलता येतो, ही भुकटी लपवता येत नाही.

सुरू झाल्यावर दहा मिनिटं चालू द्या आणि ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून इंजिनच्या ठोक्यासोबत धुराची वाफ जोरात येत असेल तर कॉम्प्रेशन खाली उतरतंय. सायलेन्सरचा धूर बघा: लोड दिल्यावर थोडा काळा चालतो, निळा म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर पाणी किंवा नोझल. वावरात नेऊन नांगर किंवा पंजी लावा. अवजार उचलून इंजिन बंद करा आणि बघत उभे राहा. काही मिनिटांत खाली आलं तर लिफ्टचं काम निघणार. ओढताना गिअर निसटतो का, क्लच सरकतो का, स्टिअरिंग किती मोकळं फिरतं, पुढचं चाक वर उचलून हलवल्यावर किती खेळतं, हे सगळं तुमच्या मेकॅनिकच्या हातानं बघा, त्याला त्या दिवसाची मजुरी द्या. ती सगळ्यात स्वस्त मजुरी आहे.

भाव करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, टायर-ट्यूबवरचा १८ वरून ५ झाला. जुन्याचा मालक आधीच्या किमतीवरून भाव सांगत असेल तर आजचं नव्याचं कोटेशन त्याच्यासमोर ठेवा. कागदात आरसी बुकवर बँकेचा बोजा आहे का ते पाहा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, आणि नावावर करायला फॉर्म २९ व ३०. इंजिन आणि चेसिस नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, ती लोक विसरतात.

देखभालीचं विचारलंत. पुस्तकात तासांप्रमाणे यादी असते, ती पाळा, पण आपल्याकडे ट्रॅक्टर मारणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत आणि त्या सगळ्या हंगामानुसार येतात.

पहिली मे महिन्याची धूळ. भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पंजी मारताना मागून ट्रॅक्टर दिसत नाही एवढी धूळ उठते. ऑइलचा एअर क्लीनर असेल तर त्या दिवसांत रोज संध्याकाळी खालची वाटी काढा. तळाला अर्धा इंच गाळ बसला की ऑइल फेका, वाटी डिझेलनं धुवा, खुणेपर्यंतच नवं भरा. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. कोरडा कागदी फिल्टर असेल तर उलट सांगतो: तो रोज काढून टायरवर आपटू नका. आपटून कागदाला चीर पडते आणि प्रत्येक वेळी उघडताना धूळ आत जाते. डॅशबोर्डवरची खूण लाल झाली तरच काढा, आतून बाहेर कमी दाबाची हवा मारा, आणि आत बल्ब धरून बघा. कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर नवा. आतला लहान फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो. आणि पाइपचे क्लिप आवळलेले आहेत का ते बघा. हजाराचा फिल्टर आणि ढिला क्लिप, अशी इंजिनं माझ्याकडे दरवर्षी उघडतात.

दुसरी उष्णता. पंचेचाळीस अंशांच्या वर पारा जातो तेव्हा रेडिएटरला चूक माफ नसते. विहिरीचं जड पाणी ओतलं की आत खडूसारखा थर धरतो, आणि तो सहज निघत नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणीच भरा, पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघा, अर्धा इंच दबला पाहिजे. ऑक्टोबरात हडंब्यावर ट्रॅक्टर लागतो तेव्हा सोयाबीनचं कुटार (भुसा) रेडिएटरच्या जाळीवर गालिच्यासारखं बसतं. दर दोन तासांनी इंजिन बंद करून जाळी झाडा, हवा इंजिनच्या बाजूनं बाहेर मारा. सायलेन्सरच्या बुडाशी साचलेलं कुटार तेव्हाच काढा, तिथून आग लागते. ट्रॅक्टर शक्यतो वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, घरातल्या पोरांनाही बजावून ठेवा.

तिसरं पाणी, डिझेलमधलं. डब्यानं आणलेलं डिझेल ढवळून टाकीत ओतू नका. ड्रम रात्रभर स्थिर ठेवा, तळाचं चार बोटं सोडून वरचं घ्या, बारीक जाळीतून गाळा. संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं. फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत पाणी दिसलं की लगेच काढा. डिझेल संपून इंजिन बंद पडलंच तर सेल्फ मारत बसू नका, बॅटरी जाईल. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू ढिला करा, फीड पंपाचा हँड प्रायमर दाबत राहा, बुडबुडे जाऊन सलग डिझेल यायला लागलं की दाबता दाबताच स्क्रू आवळा, मग हेच पंपावरच्या स्क्रूला. पाच मिनिटांचं काम आहे, घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला आलं पाहिजे.

इंजिन ऑइल बहुतेक ट्रॅक्टरना २५० तासांना बदलतात, नव्याची पहिली सर्व्हिस ५० तासांना. तुमचे वर्षात २५० भरणार नाहीत, तरी वर्षाला एकदा बदलाच, पेरणीच्या आधी, फिल्टरसकट. उभ्या इंजिनातही ऑइल खराब होतं. १५ डब्ल्यू ४० हा ग्रेड आपल्या हवामानाला चालतो, पण पुस्तकात असेल तोच खरा. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय सुटली पाहिजे. पेडलचा मोकळा खेळ इंचाच्या आसपास असावा. आणि पावसाळ्यात ट्रॅक्टर आठ-पंधरा दिवस उभा राहणार असेल तर पेडल दाबून त्याखाली लाकडी ठोकळा अडकवा, नाहीतर दमटपणानं क्लच प्लेट चिकटते. सायलेन्सरवर डबा पालथा घाला, बॅटरीची उणे बाजूची वायर काढा, उंदरांसाठी बोनेटखाली आठवड्यातून एकदा डोकवा.

टायरबद्दल एकच प्रयोग सांगतो. मागच्या टायरवर खडूनं रेघ मारा. अवजार उचलून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत चालवा आणि अंतर मोजा, समजा ४० मीटर आलं. मग नांगर जमिनीत घालून पुन्हा दहा फेरे. ३४ ते ३६ मीटर आलं तर ठीक, म्हणजे १० ते १५ टक्के घसरण. त्याहून कमी अंतर आलं तर चाक डिझेल जाळून जागेवर फिरतंय, वजन लावा किंवा टायरमध्ये पाणी भरा. घसरण जवळजवळ नाहीच असं निघालं तर वजन फार झालं, काळी जमीन दाबली जातेय, ते कमी करा. वावरातला आणि डांबरी रस्त्यावरचा टायरचा दाब वेगळा असतो, पुस्तकातले दोन्ही आकडे मडगार्डवर रंगानं लिहून ठेवा.

श्रेडर विकत घेऊ नका. पाच एकर पऱ्हाटीचं काम दिवसा-दोन दिवसांचं, आणि त्याला ४० च्या पुढचा ट्रॅक्टर लागतो. पण तो भाड्यानं दरवर्षी मारा आणि वेळेत मारा. गुलाबी बोंडअळी उरलेल्या किडक्या बोंडांत दडून पुढच्या हंगामाची वाट बघते. फरदड (त्याच झाडांवरचं लांबवलेलं पीक) न घेता कपाशी संपवून बोंडांसकट पऱ्हाटीची कुट्टी झाली तर अळीही जाते आणि सेंद्रिय खतही वावरातच राहतं. धुऱ्यावर रचलेली पऱ्हाटी म्हणजे अळीचं घर. गावातल्या दहा जणांनी एकाच आठवड्यात श्रेडर बोलावला तर भावही कमी लागतो आणि अळीला शेजारचं वावरही उरत नाही.

ब्रश कटर मात्र घ्या, धुऱ्यावर आणि पांदणीकडेला त्याच्यासारखं काही नाही. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल पुस्तकातल्या प्रमाणातच, बऱ्याच मशीनना ५० ला १. जुनं मिसळलेलं पेट्रोल महिनाभर पडलं असेल तर वापरू नका, आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालवा. फोर-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल नाही, वेगळं भरायचं, आणि चुकून आदलाबदल झाली की मशीन गेलं. धुऱ्यावर दगड आणि तारा असतात, तिथे लोखंडी पातं न लावता नायलॉनची दोरी लावा. डोळ्याला चष्मा, पायात बूट, आणि पंधरा मीटरच्या आत कोणी नको.

यंत्रांनी माणसं जातात हे मला फार बोचतं, म्हणून इतकं सांगतोच. पीटीओच्या फिरत्या दांडीवरचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं की त्याच दिवशी नवं बसवा. धोतराचा सोगा, ओढणी, साडीचा पदर, गळ्यातला दुपट्टा तिला एकदा लागला की सोडवायला वेळ मिळत नाही. रोटाव्हेटरमध्ये अडकलेली पऱ्हाटी काढायची तर आधी इंजिन बंद, चावी खिशात. मडगार्डवर पोराला बसवू नका, कितीही हट्ट केला तरी. आणि फसलेली ट्रॉली ओढताना साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारला बांधा. वर टॉप लिंकला बांधून ओढलं की पुढचं तोंड उचलतं आणि ट्रॅक्टर चालकावर पालथा होतो.

आता पैशाचं. मिनी ट्रॅक्टर किंवा पॉवर वीडर घ्यायचं ठरलं तर कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर आधी अर्ज करा. त्याला शेतकरी ओळख क्रमांक लागेल, नसेल तर तो पहिला काढा. निवड झाल्यावर पूर्वसंमती पत्र येतं, आणि खरेदी त्यानंतरच करायची. त्याच्या आधीच्या तारखेचं बिल असेल तर अनुदान मिळत नाही. किती मिळेल हे प्रवर्ग, जमीन आणि यंत्राप्रमाणे ठरतं, ताजी रक्कम तालुका कृषी अधिकाऱ्याकडून लेखी विचारा आणि अनुदान हातात येईल असं धरून हप्ता ठरवू नका. तोवर यंदाचा नांगर आणि पेरणी भाड्यानं करा, कपाशी चार फुटांवर लावा, आणि शेजारचे कोण कोण डवरणी-फवारणी तुमच्याकडून करून घेतील त्यांची नावं आणि एकर एका वहीत लिहून घ्या. पंधरा एकरांची नावं लिहून झाली तर मिनीचं कोटेशन मला दाखवा, त्यातल्या अवजारांचं मी बघून सांगतो.